गाळलेल्या सात ओळी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. शिनोली

तुळशीचं लग्न लागलं आणि फोन सुरू झाले. सकाळपासून अकरा, त्यातले तीन जेवताना. मुलाकडचे बायोडाट्यात 'अपेक्षा काही नाही' असं लिहितात आणि मग फोनवर अर्धा तास अपेक्षा सांगतात. मुलीकडच्यांना जावई पुण्यात नोकरीला हवा, गावाकडे जमीनही हवी, पण मुलीने त्या जमिनीत पाऊल टाकता कामा नये. शाळेतून निवृत्त होण्याआधीपासून, म्हणजे पंधरा वर्षं, हे वधूवरांचं काम करतो आहे. एक पैसा घेत नाही, म्हणून लोक वेळही विचारत नाहीत. हल्ली ऐकता ऐकता डोळे मिटतात.

लॅपटॉप आज दोनदा बंद पडला. स्थळांची यादी उघडेपर्यंत एक चहा पिऊन होतो.

वृषालीसाठीही एक फोन होता. डिंगोऱ्याचे संपतराव. मुलगा आदेश, वय चौतीस, जनावरांचा डॉक्टर. "दुसरं काय नको गुर्जी, तुमचीच लेक बघायची हाय," म्हणाले. यादीत रीतसर नोंद केली, शेऱ्याच्या रकान्यात 'कळवू' लिहिलं. संध्याकाळी वृषाली घोडेगावच्या लॅबमधून दमून आली आणि हातपाय धुऊन लगेच माझ्या गुडघ्याला तेल लावायला बसली. सांगायचं राहून गेलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सुदर्शनच्या दुकानात गेलो. माझाच विद्यार्थी, आता घोडेगावात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याने लॅपटॉप कानाशी धरला आणि मान हलवली. "गुरुजी, आता ह्याच्यावर खर्च करू नका. हार्ड डिस्क कटकट वाजायला लागलीय. आणि ह्यातलं विंडोज कंपनीनं गेल्या महिन्यापासून वाऱ्यावर सोडलंय."

माझ्याच वयाचं माणूस निवृत्त झाल्यासारखं वाटलं. दहा वर्षं वापरला. एक कळ उडाली आहे, तिथे वृषालीने शर्टाचं बटण चिकटवून दिलं होतं.

९ नोव्हेंबर, रविवार

वृषालीबरोबर मंचरला जाऊन नवा घेतला. दुकानदार म्हणाला, जुना आणून द्या, किमतीत वळता करू. मी देणारच होतो. वृषालीने माझा दंड धरला आणि बाजूला नेलं.

"अण्णा, त्यात नऊशे घरांची माहिती आहे. फोटो आहेत, जन्मतारखा आहेत, आणि तुमचे शेरे आहेत."

शेरे! बायोडाट्यात कुणीच खरं लिहीत नाही, म्हणून खरं मी शेऱ्यात लिहितो. कुणाचा मुलगा पितो, कुणाच्या अंगावर पांढरा डाग आहे, कुणाची आधी झालेली सोयरीक का मोडली. ते मी आजवर कुणाला वाचू दिलेलं नाही. वृषालीलाही नाही, आणि तिनेही कधी डोकावलं नाही. मी तोंडाचा पक्का आहे, एवढीच माझी तालुक्यात पुण्याई. जुना लॅपटॉप परत घेऊन आलो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दिवसभर यादी नव्या लॅपटॉपमध्ये घेतली. पाठ धरली आहे. पेन ड्राइव्ह कसा लावायचा ते वृषालीने सकाळी लॅबला जाताना दोनदा दाखवलं, कागदावर लिहूनही ठेवलं. सगळं व्यवस्थित गेलं. नव्या यादीतून सात ओळी तेवढ्या गाळल्या. जुन्या झाल्या होत्या.

मग जुन्यातलं एकेक पुसलं. हात दुखेपर्यंत 'डिलीट' दाबत होतो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सगळं पुसून लॅपटॉप सुदर्शनकडे नेला, तर तो हसला. "गुरुजी, तुम्ही पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली. धडे तसेच आहेत आत."

पुसलेलं काढून देणारे लोक असतात म्हणे, आणि त्याला फार हुशारीही लागत नाही. त्याने स्क्रू काढून हार्ड डिस्क बाहेर काढली. गीतेच्या गुटक्याएवढी आहे, त्यात नऊशे घरं. दुसऱ्या कुणाच्या डिस्कमध्ये मिसळू नये म्हणून त्याने तिच्यावर चिकटपट्टी लावून 'बोऱ्हाडे गुरुजी' असं लिहिलं. आठ तास मशीनला लावून वरून कोरं काहीतरी लिहीत जायचं, म्हणजे खालचं मरतं. पण ही डिस्क खराब झाल्यामुळे काही जागा सुटतील, त्यापेक्षा भोकं पाडलेली बरी, असं म्हणाला. "आज ठेवून जा. मोकळा झालो की करतो."

ठेवून कशी जाणार? त्याच्या धाकट्या बहिणीची पहिली सोयरीक का मोडली ते त्यात आहे. ते तिच्या आईने मला मारुतीच्या देवळामागे रडत सांगितलं होतं आणि भावाला कळू देऊ नका म्हणाली होती. ती मुलगी आज दोन लेकरांची आई आहे. मी म्हणालो, "घरीच बघतो काहीतरी." सुदर्शनला थोडं लागलं असावं. बाकीचा सांगाडा त्याला देऊन टाकला. असल्या भंगाराचं पोतं तो पुण्याला पाठवतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज काम मार्गी लावलं. उपाय तसा माझ्याजवळ होताच. वहीवरून कॉम्प्युटरवर आलो तेव्हा चौदा वह्या दगड बांधून घोड नदीत सोडल्या होत्या. मुलींच्या पत्रिका असतात, त्या उकिरड्यावर जाऊ देत नाहीत की चुलीत घालत नाहीत. माझ्या आईच्या वेळेपासून हीच रीत आहे.

डिस्कला हळदकुंकू वाहिलं. कुणी ओळखू नये म्हणून दुधाच्या दोन पिशव्यांत गच्च बांधली आणि वरून रबरं लावली. धरणातून पाणी सोडलेलं आहे, नदी भरून चालली होती. हात जोडले आणि सोडली. दगड बांधायला वाकवत नव्हतं, तेवढा राहिला. घरी आल्यावर वृषालीला सांगितलं, डिस्कचं काम झालं. ती गोधडीला टाके घालत होती. 'बरं' म्हणाली.

सहा वर्षं झाली तिची आई जाऊन. या घरात आम्ही दोघं कसं ठीक बसलो आहोत, असं तिच्याकडे बघून वाटलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

डिंगोऱ्याच्या संपतरावांचा पुन्हा फोन. "काय कळवलं न्हाई गुर्जी." मी पत्रिकेचं निमित्त सांगितलं आणि त्यांना निमगाव सावाच्या हर्षालीचा बायोडाटा पाठवला. चांगली मुलगी आहे, जुळेल. माणसाला नुसतं ताटकळत ठेवणं बरं नाही.

गुडघा फार दुखतो आहे. वृषाली म्हणते, पुण्याला दाखवून येऊ. ती आहे म्हणून चाललं आहे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

डिस्क परत आली.

दिवेलागणीला लंकाबाई दारात उभी. नदीपलीकडच्या वाडीवरची, तिच्या मुलांना मी शिकवलं आहे. पदरात काहीतरी धरलेलं.

"गुर्जी, तुमचं हे नदीत पडलं व्हतं. वरनं पाणी बंद केलं ना, नदी उतरली. गोधड्या धुवाया गेले तर दगडात आडकल्यालं. रबरं काढून बगितलं तर आत हळदकुकू, म्हून आदी हातच लावला न्हाई, म्हटलं कुनाची करनी-बिरनी. मग सूनबाईनं पट्टीवरचं नाव वाचलं. म्हटलं, गुर्जी कशाला करनी करतील!"

पिशवीत थेंबभर पाणी नव्हतं. कुंकूसुद्धा ओलं नाही. मी नको तितकं नीट बांधलं होतं.

वृषाली हसायला लागली. खूप दिवसांनी अशी हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अण्णा, तुम्ही डिस्कचं विसर्जन केलंत?" लंकाबाईलाही हसू आवरेना. चहा झाला. जाताना तिला वृषालीने तांदळाचे पापड दिले. मला मात्र हसू येईना. नऊशे घरांची अब्रू नऊ दिवस एका दगडाच्या आधाराने होती.

वृषाली म्हणाली, "आता मला द्या. रविवारी आधी सगळं नव्यात आलंय का ते ताडून बघते, मग कुंडलिकभाऊंच्या ड्रिलनं भोकं पाडून आणू."

मी म्हणालो, ताडायची गरज नाही, सगळं आलं आहे.

"एकदा भोक पडलं की परत मिळणार नाही, अण्णा."

बरोबरच बोलत होती. नाही कसं म्हणणार?

३० नोव्हेंबर, रविवार

सुदर्शनकडून तिने एक वायर आणली होती. ती लावली की जुनी डिस्क नव्या लॅपटॉपवर उघडते. मी पुसलेलंही त्याच्या कुठल्याशा प्रोग्रामने परत आलं. मी ओट्यावर पेपर घेऊन बसलो होतो. एकच बातमी चार वेळा वाचली.

साडेअकराला तिने आतून हाक मारली.

"अण्णा, जुन्या यादीत नऊशे एकोणीस आहेत. नव्यात नऊशे बारा. सात राहिलेत."

"जुने असतील," मी म्हणालो. "लग्न झालेले."

"लग्न झालेलं नाही," ती म्हणाली.

लॅपटॉप माझ्याकडे वळवला. सात ओळी. सातही ओळींत मुलीचं नाव एकच. मुलगे वेगवेगळे, गावं वेगवेगळी. दोन हजार वीसपासून या महिन्यापर्यंत. शेऱ्याच्या रकान्यात सात वेळा 'कळवू'.

नोंद न करणं मला जमत नाही. शाळेच्या हजेरीतही मी कधी खाडाखोड केली नाही.

मी तिला एकेकाचं कारण सांगायला लागलो. पहिला आला तेव्हा तुझी आई जाऊन वर्ष झालं नव्हतं. दुसऱ्या वेळी कोरोना. तिसरा नाशिकचा, लांब. चौथ्याची आई तोंडाने फटकळ, सगळ्या ओतूरला माहीत आहे. पाचव्या वेळी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. सहाव्याचं कारण मला आठवेना. सातव्यापाशी मी थांबलो.

"तुला त्रास नको म्हणून," मी म्हणालो.

"कुणाला त्रास, अण्णा?"

मग ती बराच वेळ जुन्या लॅपटॉपवर तिने जिथे बटण चिकटवलं होतं, नव्यात त्याच शाबूत कळेवर बोट फिरवत बसली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"सहा वर्षं मला वाटत होतं, माझ्यासाठी कुणी विचारतच नाही. बापाकडे नऊशे स्थळं आणि मला एक येत नाही. लॅबमधल्या बायका विचारायच्या, तर मी म्हणायची, मलाच करायचं नाही. घरी येऊन आरशात बघायची, नाक बघायची, रंग बघायची. कारण शोधायची. आणि कारण ओट्यावर पेपर वाचत बसलेलं असायचं."

त्यानंतर ती उठून स्वयंपाकाला लागली. पिठलं-भाकरी केली, मला वाढली. गोळ्या काढून ताटाशेजारी ठेवल्या, रोजच्यासारख्या. स्वतः नंतर जेवते म्हणाली.

१ डिसेंबर, सोमवार

तिच्या डोक्यात राग आहे. राहील चार दिवस, मग निवळेल. मी काय तिचं वाईट केलं? असं काल लिहिणार होतो. आज लिहिलं आणि वाचून बघितलं. पंधरा वर्षांत कितीतरी बापांनी माझ्यासमोर बसून हेच वाक्य म्हटलं आहे. त्यांच्या नावापुढे मी शेऱ्यात लिहायचो, 'बाप अडवतो.'

तो शेरा त्या यादीत एकवीस ठिकाणी आहे. आज मोजला.

३ डिसेंबर, बुधवार

बोलते. भाजी काय करू विचारते. गुडघ्याला तेल लावते. पण 'अण्णा' म्हणत नाही, नुसतं बोलते. घर फार मोठं वाटतं आहे.

६ डिसेंबर, शनिवार

कुंडलिकच्या वर्कशॉपमध्ये गेलो. खिडक्या, गेट करतो तो. वृषालीने स्वतः डिस्क शिकंज्यात धरून आवळली. कुंडलिक ड्रिल हातात घेऊन म्हणाला, "गुर्जी, काय व्हतं एवढं ह्याच्यात?"

"स्थळं," वृषाली म्हणाली.

"आन् ती भोकं पाडून संपवायची? लई राग दिसतो!"

मी म्हणालो, लोकांची खासगी माहिती आहे बाबा, कुणाच्या हाती लागू नये. तो गंभीर झाला. त्याच्या पुतण्याची नोंद आहे त्यात, ते त्याला आठवलं असणार. त्याने नेम धरून चार भोकं पाडली. दुसऱ्या भोकाला आतून काच तडकल्यासारखा आवाज आला. आतली तबकडी काचेची असते म्हणे. वृषालीने डिस्क कानाशी नेऊन हलवली, आत चुरा वाजत होता. मग तो तुकडा सुदर्शनच्या पोत्यात टाकला. सुदर्शनच्या बहिणीचं गुपित त्याच्याच दुकानात गेलं, आणि आता ते कुणी वाचणार नाही. बाकी नऊशे बारांचे शेरे नव्या लॅपटॉपमध्ये आहेत, त्याला वृषालीने पासवर्ड घालून दिला आहे.

त्या सात ओळी मात्र आता कुठेच नाहीत. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. येताना स्कूटीवर मागे बसलो होतो, तिच्या खांद्याला धरून.

७ डिसेंबर, रविवार

सकाळी नवा लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसली.

"एक नवी नोंद घ्यायची आहे. तुम्ही सांगा, मी टाइप करते."

नाव विचारलं. मी सांगितलं. जन्मतारीख, शिक्षण, उंची, नोकरी, सगळं एखाद्या परक्या पोरीचं विचारावं तसं विचारत गेली. उंची मी चुकलो, तिने दुरुस्त केली. अपेक्षेच्या रकान्यात तिने मला न विचारता लिहिलं: 'वडील सोबत राहतील किंवा जवळ राहतील, यावर बोलायची तयारी असावी.' मी वाचलं आणि चष्मा काढून पुसत बसलो. मी सहा वर्षं जे धरून ठेवलं होतं, ते तिने मला एका ओळीत देऊन टाकलं होतं. नुसतं विचारलं असतं तरी मिळालं असतं.

"संपर्क?"

मी सवयीने माझा नंबर सांगायला लागलो. तिने स्वतःचा टाकला.

"शेरा काय लिहू?"

दुसऱ्यांच्या मुलींना मी दोन मिनिटांत शेरा लिहितो. इथे मला पंधरा मिनिटं लागली असतील. ती थांबून राहिली, घाई केली नाही. शेवटी म्हणालो, "लिही. मुलगी चांगली. उशीर बापामुळे झाला."

तिचे हात कळांवर तसेच राहिले. मग म्हणाली, "एवढं नको, अण्णा." आठ दिवसांनी 'अण्णा' म्हणाली. आणि लिहिलं: 'फोन मुलीलाच करावा.'

९ डिसेंबर, मंगळवार

डिस्क गेली तरी डिंगोऱ्याचा नंबर फोनमध्ये होता. सकाळी ती लॅबला गेल्यावर धीर करून लावला. संपतरावांचा आवाज आनंदाने भरून आला.

"गुर्जी, शंभर वर्सं आयुष्य तुमाला! आत्ता तुमचंच नाव काढलं. तुमच्या फोनची लई वाट पायली बगा. आदेशला तुमची लेकच करायची व्हती, लॅबमदी दोनदा बगितल्याली त्यानं. पन तुमी ती निमगाव सावाची पोरगी धाडली, म्हटलं गुर्जींनी इचार करूनच धाडली आसंल. गुरुवारी सुपारी फुटली. पत्रिकेत तुमचं नाव टाकनार हाय, न्हाई म्हनू नगा."

मी म्हणालो, छान झालं. हर्षाली गुणी मुलगी आहे. खरंच गुणी आहे. फोन ठेवला आणि ओट्यावर बसून राहिलो. माझ्या हातून जमलेलं हे दोनशे एकाहत्तरावं लग्न.

दुपारभर ठरवत होतो, सांगायचं की नाही. सांगून आता काय उपयोग, तिला उगाच लागेल, ती दमून येईल. हे सगळे शब्द ओळखीचे होते. सहा वर्षं मी हेच एकेक काढून वापरत आलो आहे.

ती आली तेव्हा चपला काढायच्या आधीच सांगितलं. डिंगोऱ्याच्या मुलाचं ठरलं. त्याला तू पसंत होतीस, लॅबमध्ये येऊन बघून गेला होता. त्याच्या बापाने दोनदा फोन केला. हर्षालीचा बायोडाटा मीच पाठवला, तुझ्याऐवजी. सगळं सांगितलं, काही गाळलं नाही.

ती दाराच्या चौकटीला हात धरून उभी राहिली. "कुत्र्याचं रक्त तपासायला आणलं होतं, तो का?" तिने विचारलं. मी म्हणालो, मला माहीत नाही. "आमच्याकडे जनावरांचं होत नाही, असं मी त्याला सांगितलं होतं," ती म्हणाली. "तरी परत आला होता." मग आत जाऊन तिने तोंड धुतलं. नळ बराच वेळ चालू होता.

बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. म्हणाली, "सांगितलंत ते बरं केलंत."

तिच्या स्थळाची बातमी तिला त्याच दिवशी कळली, अशी ही पहिलीच.

रोजच्यासारखी तेलाची बाटली घेऊन ती खाली बसायला लागली. मी तिच्या हातातून बाटली घेतली. म्हणालो, "तू बस वर. माझं मी लावतो."